आजींची रोजची वसुली

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही, त्याची आधी माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं काम सहीपुरतंच पडलं. हे मी माझ्यासाठीच लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती पडलंच तर कळावं म्हणून कामातले शब्द सोडवून सांगते.

मेधाताईंचा फोन आला तेव्हा मी तापाने घरी पडून होते.

"मावशी, आई तुमच्याकडे आल्यात का?"

 आई म्हणजे त्यांच्या सासूबाई, माझ्या पेशंट. मी त्यांना आजी म्हणते. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांना पलंगावरून संडासला न्यायला दोन माणसं लागत होती. त्या माझ्याकडे कशा येतील?

"बदलीची बाई कपडे वाळत घालत होती," मेधाताई म्हणाल्या. "तेवढ्यात गेल्या. वॉकरपण नाही जागेवर."

मी अंथरुणात उठून बसले. ते का, हे कळायला थोडं मागचं सांगावं लागेल.

मी ब्युरोमार्फत पेशंट सांभाळते. ब्युरो म्हणजे घरी जाऊन आजारी माणसाचं सगळं करणाऱ्या बायका पुरवणारं ऑफिस. आजी कोथरूडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. बाथरूममध्ये पडून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालवा. आजी चालेनात. उठेचनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

पडून राहणं म्हाताऱ्या माणसाला वाईट असतं. पाठीला जखमा होतात, त्याला बेडसोर म्हणतात. छातीत कफ साठतो. डॉक्टरांनी महेशदादांना, म्हणजे आजींच्या मुलाला, दाराबाहेर नेऊन सांगितलं की अशाच राहिल्या तर फार दिवस काढणार नाहीत. मी दाराआडच होते. मला ऐकू आलं. मला वाटतं आजींनाही आलं.

मुलगा-सून चांगली आहेत. त्यांनी खूप केलं. दादा रोज सकाळी मोबाइलवर एका गृहस्थांचं भाषण लावायचे. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मनाला सांगा मी समर्थ आहे. मेधाताईंनी भिंतीवर रंगीत कागद चिकटवला, 'आजचा दिवस माझा'. आजींनी तो बरेच दिवस बघितला. मग म्हणाल्या, "दिवस माझा असेल तर मला झोपू द्या त्यात."

एक समुपदेशक बाई आल्या. म्हणजे मनाचं बोलून घेणाऱ्या. त्यांनी विचारलं, "आजी, उठावंसं का वाटत नाही?"

"उठून जायचं कुठे?" आजी म्हणाल्या.

बाईंनी बागेचं नाव घेतलं. आजी म्हणाल्या, "बागेत माझं काय काम?"

त्यानंतर त्यांनी बोलणंच बंद केलं. मी पाठ पुसायची, कूस बदलायची, भरवायची. मीही फार बोलणारी नाही. त्यामुळे खोलीत पंख्याचाच आवाज असायचा.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याच्या रिक्षाचं इंजिन बसलं. रिक्षा दारात उभी आणि घरात माझा एकटीचा पगार. मी बाल्कनीतून ब्युरोच्या मॅडमना फोन लावला. ॲडव्हान्स मागितला, म्हणजे पुढचा पगार आधी. मॅडम म्हणाल्या, "सुमन, तसा रूल नाही. मी कुणाकुणाला देऊ?" मी बरं म्हटलं. मला पुढे काही बोलता येत नाही. डोळे पुसून आत आले.

"किती हवेत?"

मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. आजी भिंतीकडे तोंड करूनच बोलत होत्या. कितीतरी दिवसांनी.

"काही नाही, आजी."

"काही नाहीसाठी कुणी रडत नाही. किती?"

मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्या घराचा पत्ताही विचारून घेतला. त्यांनी मला कपाटातली रेक्झिनची काळी पिशवी काढायला लावली. आत त्यांच्या पेन्शनच्या नोटा होत्या. मी घेईना. त्या म्हणाल्या, "फुकट देत नाहीये. व्याज नाही. पण रोज फेडायचे. रिक्षाचा गल्ला रोजचा असतो, तसा हप्ता रोजचा. पिग्मीसारखा."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आजी पिग्मी एजंट होत्या. पिग्मी म्हणजे रोज थोडे थोडे पैसे साठवायची योजना. पतसंस्थेचा माणूस रोज दुकानोदुकानी जातो आणि जमेल ती रक्कम घेऊन खात्यात भरतो. आजी मंडईपासून शनिवार पेठेपर्यंत पायी फिरायच्या. भाजीवाल्या, फुलवाले, बोहारणी, सगळ्यांकडे. नवरा लवकर गेला, मुलगा याच कामावर शिकवला.

इंजिनचं काम झालं. रिक्षा सुरू झाली. मी पहिला हप्ता घेऊन गेले आणि उशाशी ठेवायला लागले.

"तिथे नको."

"मग हातात घ्या."

"आडवं पडून पैसे घेत नाहीत, सुमन. लक्ष्मी आहे ती. बसव मला."

मी बसवलं. दुखत होतं त्यांना, चेहरा पिळवटला. पण पाय खाली सोडून ताठ बसल्या, उजव्या हाताने नोटा घेतल्या, मोजल्या, कपाळाला लावल्या. मग म्हणाल्या, "निजव आता."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तू इथे आणून देतेस हे चूक आहे. गिऱ्हाईक एजंटकडे येत नसतं. एजंटने जायचं असतं. तू खुर्चीशी जाऊन उभी राहा."

खुर्ची खिडकीपाशी होती. चार पावलांवर. मी घाबरले. फिजिओ मॅडमनी, म्हणजे व्यायाम करवून घेणाऱ्या मुलीने, महिनाभर विनवण्या करूनही आजींनी वॉकरला हात लावला नव्हता. वॉकर म्हणजे पुढे ढकलत चालायचा लोखंडी घोडा. आजींनी तो स्वतः ओढला. मी एका हाताने त्यांची कंबर धरलेली आणि दुसऱ्या हातात हप्ता.

मग मी स्वयंपाकघरात उभी राहायला लागले. मग हॉलमध्ये. गणपतीच्या दिवसांत लिफ्टपाशी. लिफ्टमधून बाहेर आलेल्या फिजिओ मॅडम तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "आजी, तुम्ही? हे कोणी करवून घेतलं?"

"वसुलीला निघालेय," आजी म्हणाल्या. "बाजूला व्हा."

मॅडमना वाटलं गंमत करतायत. दादा आणि मेधाताईंनाही वाटलं की भाषणाचा गुण आला. दादांनी भाषणाचा आवाज वाढवला. पैशांचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजींनी सांगू नको म्हटलं होतं. "माझे पैसे, माझं गिऱ्हाईक."

आणि मग मला ताप आला. दोन दिवस गेले नाही. दुसऱ्या दिवशी हा फोन.

मी उठून चपला शोधत होते तेवढ्यात शेजारीण धावत आली. आम्ही कोथरूडच्याच सुतारदऱ्यात, टेकडीवरच्या वस्तीत राहतो. आमच्या घरापर्यंत चढ आणि वर पायऱ्या आहेत.

"सुमन, खाली एक म्हातारी रिक्षात बसलीय. तुझं नाव घेतेय आणि रिक्षावाल्याशी भांडतेय."

मी कशी खाली गेले आठवत नाही. रिक्षात आजी. पांढरी साडी, काळी पिशवी मांडीवर, वॉकर पायाशी आडवा. रिक्षावाला म्हणत होता, "आजी, सुट्टे नाहीत म्हणतोय ना." आजी म्हणत होत्या, "मग धंदा कशाला काढलास? मीटरप्रमाणे देणार, वर एक रुपया नाही."

मला बघून म्हणाल्या, "कालचा आणि आजचा."

 मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले.

"ताप आहे ना तुला? मग उठू नकोस, बस," त्या म्हणाल्या. "ताप तुला आहे. हप्त्याला नाही."

"आजी, तुम्ही पडला असता तर?"

"पडले नाही. पुढे बोल."

मी मेधाताईंना फोन केला. थोड्या वेळात दादा स्कूटरवर आले. चेहरा पांढराफटक. आधी आईच्या पायाला, हाताला हात लावून बघितला. मग माझ्याकडे वळले.

"मावशी, आई इथे का आली?"

 मी सांगायच्या आधी आजीच म्हणाल्या, "माझे पैसे आहेत हिच्याकडे."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. वस्तीतली चार माणसं जमली होती. ती बघत होती. "तुम्ही आईकडून पैसे घेतलेत? आम्हाला न सांगता? आणि ती या अवस्थेत तुमच्या मागे फिरतेय?"

मग त्यांनी स्वतःला आवरलं. माणूस सभ्य आहे. म्हणाले, "किती राहिलेत ते मला ऐकायचंच नाही. सोडले आम्ही. पण हे आजपासून बंद. आई, ऐकलंस? पैसे सोडले. आता यायचं नाही इथे."

सोडले म्हणजे माफ केले. अर्ध्याच्या वर बाकी होते. इंजिनाच्या कर्जातून सुटले, असं एक क्षण माझ्या मनात आलं.

मग मी आजींकडे बघितलं.  त्यांनी फक्त तोंड रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला फिरवलं. तिकडे नुसती भिंत होती. ती मान मी पावसाळ्यात कितीतरी दिवस बघितली होती. तीच मान, तसाच खांदा.

मी घरात सासूसमोर बोललेली नाही, ब्युरोत मॅडमसमोर बोललेली नाही. पण तेव्हा बोलले.

"दादा, पैसे सोडू नका."

"काय?"

"मी देणार आहे. रोज देणार आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

"मावशी, लोक कर्ज माफ करा म्हणून पाया पडतात."

"त्या हप्त्यासाठी उठतात, दादा. आडवं पडून पैसे घेत नाहीत. पहिल्या दिवशी त्यासाठी बसल्या, मग उभ्या राहिल्या. तुमच्या भाषणाने नाही." मी हे बोलून गेले आणि लाजेने मेले. "हप्ता नसेल तर उद्या कशाला उठतील? तुम्हीच सांगा, कुठे जायचं त्यांनी?"

 दादा स्कूटरला टेकून उभे राहिले.  जमलेल्या माणसांच्या मध्ये एवढा शिकलेला माणूस आणि मी, दोघंही खाली बघत होतो.

"मी इथेच बसलेय," रिक्षातून आवाज आला. "माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याकडे बघून बोला. आणि मीटर चालू आहे."

तान्ह्या मुलाला उचलावं तसं दादांनी वॉकर उचलला. म्हणाले, "आई, एकटीने यायचं नाही. मला सांगायचं. मी आणीन."

"वसुलीला मुलगा घेऊन गेलं तर गिऱ्हाईक घाबरतं," आजी म्हणाल्या. पण हो म्हणाल्या.

मी घरात जाऊन दोन दिवसांचे हप्ते आणले. आजींनी रिक्षाची दांडी धरून एक पाय खाली टाकला, उभ्या राहिल्या आणि घेतले. मग दादांना म्हणाल्या, "रिक्षावाल्याला दे. सुट्टे असतील तुझ्याकडे."

भाषण बंद झालं. कागद मात्र मेधाताईंनी ठेवला. आजी आता त्याच्यावर साडीची पिन टोचून ठेवतात.

दिवाळी गेली, थंडी गेली. कर्ज संपत आलं आणि मला धास्ती बसली. फिटल्यावर काय? मी हप्ता निम्मा करायला लागले. दुसऱ्याच दिवशी आजींनी पकडलं.

"रिक्षा बंद आहे?"

"नाही."

"मग निम्मा का?"

मला खोटं जमत नाही. म्हटलं, "संपलं की तुम्ही परत झोपाल."

आजी म्हणाल्या, "पाय माझे आहेत, सुमन. तुझ्याकडे गहाण नाहीत. उद्या पूर्ण आण. आणि शेवटचा हप्ता घरात घेणार नाही. माझी लाइन जिथून सुरू व्हायची तिथे घेणार." लाइन म्हणजे वसुलीचा रोजचा रस्ता.

म्हणून शेवटच्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या रिक्षातून आम्ही मंडईत गेलो. इंजिन त्यांच्याच पैशाचं, आजी सारख्या कान देऊन ऐकत होत्या. मंडईत वॉकर न घेता काठीवर उतरल्या. मी मागे हात पसरून चालत होते. बटाट्याच्या रांगेत एक म्हातारी भाजीवाली वजन करता करता थांबली.

"पिग्मीवाल्या बाई? आवं, तुम्ही अजून हाय व्हय? गेल्या म्हून ऐकलं व्हतं म्या."

"मीपण ऐकलं होतं," आजी म्हणाल्या. "खात्री करायला आले."

ती म्हातारी हसता हसता रडायला लागली. तिने आजींना बसायला पोतं दिलं. आजी बसल्या नाहीत.

या कामात मी बरेच पेशंट बघितले. मला एवढंच कळलं की माणसाला सकाळी उठायला मोठं कारण लागत नाही. आपलं कुणाकडे काहीतरी येणं आहे, तेवढं पुरतं. ते भाषणात सांगत नाहीत.

मी पदराची गाठ सोडली. हप्ता पुढे केला.  आजींनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने नोटा घेतल्या, मोजल्या, कपाळाला लावल्या आणि काळ्या पिशवीत टाकून चेन ओढली.

"फिटले," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या उभ्या होत्या.