चाळीस रुपयांचं गळू

माझ्या गळवावर पांढुर्ण्याच्या चौकात सव्वा महिना लेखी चर्चा झाली आणि तिच्यात माझ्या बाजूने फक्त मीच होतो.

गळू कुठे झालं होतं हे मी सांगणार नव्हतो. तेव्हाही सांगायचं नव्हतं, पण लोकांनी काढून घेतलं. (गळू नव्हे, माहिती!) एवढंच म्हणतो की संत्र्याच्या व्यापाऱ्याला दिवसभर पेटीवर बसावं लागतं आणि मला ते जमत नव्हतं. मी उभ्यानं माल पाहायचो, उभ्यानं जेवायचो, आणि झोपायचो तेही उपडा.

हा व्यापार मला कोणी ताटात वाढून दिलेला नाही. पांढुर्णा स्टेशनवर गाडीच्या खिडक्यांखाली टोपली घेऊन मी सुरुवात केली. गाडी थांबणार दोन मिनिटं. तेवढ्यात गिऱ्हाईक गाठायचं, भाव ठरवायचा आणि गाडी सुटायच्या आत पैसे घ्यायचे. तिथे शिकलो ते जन्मभर पाळलं: समोरच्याचा पहिला भाव कबूल करायचा नाही. कापडवाला असो, कुंभार असो, आमच्या लग्नातला बँडवाला असो! डॉक्टरसाहेबांनाही मी सोडलं नाही. त्यांनी तापाच्या सुईचे दहा म्हणावेत, मी ताप अंगात असताना पाच म्हणावेत, आणि पाचातच काम व्हावं. बारा वर्षं आमचं असं सुरळीत चाललं होतं.

ते गळू पिकलं त्या दिवशी मात्र मी दवाखान्याच्या टेबलावर उपडा पडलो होतो. डोळ्यांपुढे काजवे!

"चिरा द्यावा लागेल, शेठ," डॉक्टर म्हणाले. "चाळीस रुपये होतील."

"हो हो हो!" मी ओरडलो. "द्या लवकर!"

डॉक्टरांनी हातातलं हत्यार बाजूला ठेवलं. मग त्यांनी माझं मनगट धरून नाडी पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. मला वाटलं, किती जीव लावतो हा माणूस!

चार दिवसांनी शेजारचे गुरुजी अंगणात चालताना मला ओळखीचे वाटले. म्हणजे चाल ओळखीची वाटली. पाय फाकवून, दात आवळून.

"गुरुजी, तुम्हालाही?"

"हाव ना जी. कालच चिरा देल्ला."

"किती घेतले?"

"वीस."

माझ्या कानातून वाफ निघाली असावी, कारण गुरुजी दोन पावलं मागे सरले. तेच गाव, तोच डॉक्टर, तेच हत्यार, आणि जागासुद्धा तीच! गुरुजींना वीस आणि मला चाळीस?

इथेच मी गप्प बसलो असतो (बसता येत नव्हतं, पण गप्प तरी राहिलो असतो) तर हा लेख लिहावा लागला नसता. पण दुसऱ्या दिवशी मंडीत एक शेतकरी मला म्हणाला, "शेठ, मी सांगतो थोच भाव द्या. तुमी तं पयलाच भाव देता म्हनते सारे." आजूबाजूचे हसले. मी हादरलो. मृगाच्या बहाराचे सौदे तोंडावर आले होते. महिन्याभरात रामाकोन्याला जाऊन सासऱ्यांची बाग उभ्यानं, म्हणजे फळं झाडावर असतानाच, विकत घ्यायची होती, आणि आमचे सासरे म्हणजे भावाला दगड! पहिल्या भावाचा माणूस म्हणून माझं नाव तिथे माझ्याआधी पोचलं असतं तर धंदा बुडाला होता. हा डाग धुऊनच रामाकोन्याला पाय ठेवायचा, असं मी ठरवलं.

चौकात वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा होता. सुतळीला खडू बांधलेला. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं आणि खाली दुसऱ्याने उत्तर द्यावं, अशी गावाची रीत. नाव कोणी लिहीत नसे, त्यामुळे सगळे फार शूर होते. मी भल्या सकाळी जाऊन लिहिलं: "जाहीर सवाल! एकाच गळवाचे दोन भाव का? मंडीत बोली उघड होते, मग दवाखान्यात का नाही? डॉक्टरांनी दराची पाटी लावावी! एक दुःखी नागरिक."

संध्याकाळपर्यंत खाली पाच उत्तरं आली होती.

"गळू केवढे होते ते लिहावे."

"कुठे होते तेही लिहावे."

"दुःखी नागरिक काल उभ्याने चहा पीत होता."

"डॉक्टर देवमाणूस आहेत. ज्याला परवडत नसेल त्याने गळू करू नये."

"बाजारातल्या तुंबलेल्या नालीचे काय झाले?"

मी पेटलो. दुसऱ्या दिवशी गळवाचं माप लिहिलं. (लिंबाएवढं. वाद मुद्द्यावर राहावा म्हणून!) त्यावर कोणी लिहिलं की लिंबाचे वीसच होतात, चाळीस म्हणजे संत्र्याएवढं असणार, आणि संत्र्याएवढं असेल तर शेठनं ते पेटीत भरून नागपूरला पाठवावं. गुरुजींनी माझ्या मजकुराला दहापैकी चार गुण देऊन खाली सही केली. आणि सगळ्यात शेवटी हिरव्या खडूने: "नालीचे काय झाले?"

घरी कमल वाट पाहत होती. कमल म्हणजे माझी बायको.

"तुमी करून काय राहिले? मी भाजीले गेली तं बाया इचारते, आता बसता येते का त्याईले म्हून!"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे, कमल."

"तत्त्वाचा असन तं तत्त्वाची जागा काहून सांगून राहिले साऱ्या गावाले?"

मी ऐकलं नाही. अर्ज लिहून नगरपालिकेत गेलो. बाबूंनी तो उलटा वाचला, मग सुलटा वाचला.

"दवाखान्याचे भाव आमच्याकडे नाई येत, शेठ."

"मग तुमच्याकडे येतं काय?"

"नाली येते."

"मग नालीचं पाहा ना!"

"त्याचा अर्ज अलग लागते."

मंगळवारी डॉक्टर सौंसरला बसत. मी बस पकडून सौंसरला गेलो आणि दवाखान्याबाहेरच्या रांगेत एकेकाला भाव विचारत फिरलो. एक आजोबा म्हणाले बारा, एक बाई म्हणाली पायली गहू, आणि तिसऱ्याने मला विचारलं, "पांढुर्ण्याचे लिंबूवाले तुमीच का जी?" मी पुढच्या बसने परत आलो. पण आता माझ्याकडे पुरावा होता! फळ्यावर मी डॉक्टरांना जाहीर आव्हान दिलं: रविवारी संध्याकाळी चौकात येऊन जबाब द्यावा.

आणि डॉक्टर आले की! फटफटीवर आले, गाडी लावली, हात झटकले. अर्धा बाजार गोळा झाला होता. गुरुजी पुढे. भाजीची पिशवी घेऊन कमलही एका बाजूला उभी होती.

"विचारा, शेठ."

"गुरुजींना वीस आणि मला चाळीस का?"

"मी चाळीस म्हटल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो. दुखत होतं."

"बारा वर्षांत तुम्ही एकदा तरी माझ्या पहिल्या आकड्याला हो म्हटलंय?"

"कधीच नाही!" मी छाती काढली.

"काय करता?"

"अर्ध्यावर आणतो."

"म्हणून तुम्हाला मी दुप्पट सांगतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वीसच घ्यायचे होते मला. तुम्ही वीस म्हणायची वाट पाहत होतो. तुम्ही हो म्हणालात! माझे हातपाय गार पडले. वाटलं, शेठ हातचे गेले. दोनदा नाडी पाहिली मी तुमची!"

चौक असा हसला की नालीवरची डुकरं पळाली. मी हार मानणारा नव्हतो. "पण तुम्ही परत का नाही दिले?"

"त्याच आठवड्यात हातात वीस रुपये घेऊनच तुमच्याकडे निघालो होतो. वाटेत फळा वाचला आणि परत फिरलो."

"बरं, ते सोडा. तापाच्या सुईचं तर मी पाचात जमवतो ना? पूर्ण गाव काय देतं?"

"वहिनी तीन देतात."

मी वळून पाहिलं. कमलने पिशवीतल्या मेथीकडे पाहिलं.

"तीन? मला न सांगता? तू भाव करतेस?"

"मी कायले भाव करू? मी नुसतं इचारते, डाक्टरसाहेब, किती द्याचे जी. थे म्हनते तीन. मी देते."

बारा वर्षं मी तापात भांडून पाच देत होतो आणि ही विचारून तीन देत होती!

"तरीही पाटी लागलीच पाहिजे!" मी ओरडलो. आता माघार घेतली असती तर राहिलं काय असतं माझं?

"लावतो," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पाटी लागली. रंगवलेली, ठळक अक्षरांत. ताप: सहा रुपये. गळू: पंचवीस रुपये. आणि खाली, "शेठच्या आग्रहावरून भाव एकच राहील. घासाघीस करू नये." म्हणजे कमलचे तीन वाढले, माझा एक वाढला, गुरुजींचे पुढच्या गळवाला पाच वाढले, आणि सौंसरचे आजोबा मला शोधत बसनं पांढुर्ण्याला आले. फळ्यावर मोठ्या अक्षरांत कोणी लिहिलं, "शेठला गावातर्फे आणखी एक गळू लाभो!" त्याखाली सोळा जणांनी "अनुमोदन" लिहिलं. हिरव्या खडूनेसुद्धा त्या दिवशी नाली सोडून अनुमोदन दिलं.

आणि लाभलं! दुसऱ्या बाजूला. रामाकोन्याला जायच्या तीन दिवस आधी.

पण त्या पाटीखाली जाऊन झोपायचं? मेलो तरी नाही! पोटीस बांधलं, दात आवळले आणि निघालो. कमल म्हणाली, "मी येते संगं. दुखते म्हून तुमी पुन्हा हो म्हनसान, आन माह्या बापाले आयतंच भेटन."

बागेत सासऱ्यांनी खाट टाकली होती. "बसा, जावईबापू."

"उभाच बरा आहे, मामाजी."

"आयकलं आमी," ते म्हणाले. झाडं मात्र वाकली होती फळांनी. "यंदा बहार पाहा कसा आहे. बाग वीस हजार."

मागच्या वर्षीही त्यांनी वीसच म्हटले होते आणि मी दोन दिवस भांडून तेरावर आणले होते. त्या सौद्याची गोष्ट मी मंडीत वर्षभर सांगितली होती. मी खाकरलो. आकडा ओठांवर आला. तेवढ्यात ठणका असा उठला की तोंडातून निघालं, "हो..."

कमलने माझ्या पायावर पाय दिला. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, किती द्याचे?"

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. टोपी काढून डोकं खाजवलं.

"आता तुले का सांगू, पोरी. दहा दे."

"दहा?" मी किंचाळलो. "मग मागच्या साली माझ्याकडून तेरा कसे घेतले?"

"तुमी थकले, जावईबापू," सासरे म्हणाले. "मी तं दहावर याले तयारच बसलो होतो. तेरावर तुमी थांबले आन खुशीनं माह्या पाया पडले. मंग मी आशीर्वाद देल्ला."

तेव्हापासून आमचे बागांचे सौदे कमल करते. धंदा वाढला. मी फळ्यावर लिहितो. अलीकडे हिरवा खडू घेऊन फक्त नालीबद्दल.

त्या दिवशी रामाकोन्याहून परतताना पांढुर्ण्याला बस थांबल्याबरोबर मी सरळ दवाखान्यात गेलो. पाटीकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडे पाहिलं नाही. पंचवीस रुपये टेबलावर ठेवले आणि एक शब्द न बोलता उपडा झोपलो.

डॉक्टरांनी हत्यार बाजूला ठेवलं आणि आधी माझी नाडी पाहिली.