तळघरातली गंगा

“मुलगी गुणाची आहे हो, पण हिला आपणहून काही सुचतच नाही. सांगितलं तेवढं करते आणि खांबासारखी उभी राहते.”

हे सासूबाई मामंजींना सांगत होत्या, देवघरात. आणि दाराआड फुलांची परडी घेऊन खांबासारखी उभी होते मी!

तुम्हाला वाटेल, मला फार लागलं असेल. छे हो! सासूबाईंच्या आवाजात राग नव्हताच, उलट काळजी होती. लग्न होऊन धारवाडला आले त्याला जेमतेम महिना झाला होता, आणि त्या महिन्यात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का?’ यापलीकडं माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. पण त्या दिवशी मी ठरवलं, की आता कुणी न सांगता काहीतरी करून दाखवायचं. जे करून दाखवलं त्याला आमच्या गल्लीत आजही हसतात. तुम्हीही हसा, माझी ना नाही.

आमचं घर उतारावर, म्हणून मागच्या अंगाला माजघराखाली एक तळघर. तिथं तांदळाची पोती आणि मामंजींच्या जुन्या खटल्यांची दप्तरं. दुपारी सगळे पडले होते तेव्हा मी दिवा घेऊन खाली उतरले. म्हटलं, झाडून तरी घ्यावं. तर कोपऱ्यात एक हातभर खोल चौकोनी खड्डा, आणि खड्ड्याच्या पोटात भलंमोठं भोक! तांब्या आत जाईल एवढं!

माझं माहेर अळणावरचं. तिथं जंगल अगदी दाराशी. पावसाळ्याच्या तोंडावर घरातलं भोक नि भोक बुजवायचं, नाहीतर साप चुलीपाशी शेकायला येतात. हे आम्हाला अक्षरं गिरवायच्या आधी शिकवतात. आणि या शहरातल्या लोकांनी एवढं भोक उघडं टाकलेलं! मला त्यांची कीवच आली. चिंध्यांचा बोळा केला, आत ठोकला, वर चिकणमाती लिंपली, मातीत फुटक्या काचा खोचल्या. असा बोळा, की खुद्द वडिलांनी पाठ थोपटली असती.

भोक कशासाठी आहे, हे विचारायचं मात्र राहिलं. विचारणार कसं? बोलत कुठं होते मी!

पुष्याचा पाऊस लागला होता. चौथ्या दिवशी सकाळी तांदूळ काढायला आमचे हे खाली उतरले आणि तिथूनच ओरडले, “अण्णा! तळघरात पाणी!”

पोत्यांखाली फळ्या होत्या म्हणून तांदूळ वाचला. पोती, दप्तरं सगळं माजघरात आलं. आमचे हे यंत्रांचे वेडे. त्याच दिवशी हुबळीला गेले आणि दुर्गदबैलच्या बाजारातून एक लोखंडी हातपंप घेऊन आले. त्याची नळी खिडकीतून परसात सोडली आणि दांडा दाबत बसले. संध्याकाळपर्यंत तळघर कोरडं! ह्यांचा चेहरा असा, जणू समुद्र उपसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी आटोपून खाली जातो, तर खड्डा पुन्हा काठोकाठ.

ह्यांनी पुन्हा उपसला. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. त्यात शेजारच्या रुद्रव्वा कुतूहलानं बघायला आल्या, पाण्यात हात घातला आणि किंचाळल्याच, “अय्यो शिवने! बिसि नीरु! अहो, गरम पाणी आहे की हो हे!”

सासूबाईंनी हात घातला. खरंच कोमट!

“आणि वास बघा, वैनी,” रुद्रव्वा म्हणाल्या. “वनस्पतीचा वास आहे ह्याला.”

मामंजी वकील. असल्या गोष्टींवर त्यांचा सहज विश्वास बसत नसे. त्यांनी चष्मा चढवला आणि उलटतपासणी सुरू केली.

“उपसलं तरी आटत नाही?”

“नाही, अण्णा,” हे म्हणाले.

“रोज ठरावीक वेळेलाच चढतं?”

“सकाळी. अगदी नेमानं.”

“याआधी कधी घडलं होतं?”

“पन्नास वर्षांत नाही हो!” सासूबाई म्हणाल्या. मग एकदम थांबल्या, माझ्याकडं वळल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. “अहो, घरात नवीन काय आलंय? ही! हिच्या पायगुणानं गंगा आली आपल्या घरी!”

आता काय करणार? त्या दुपारी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा आला, मागितला नसताना. संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या केसांना स्वतः तेल लावलं. गल्लीतल्या बायका येऊन माझी ओटी भरून जाऊ लागल्या. खड्ड्याभोवती रांगोळी, पाण्यात दिवे. रुद्रव्वांचे गुडघे रोज कोमट पाण्यानं शेकून मोकळे झाले, आणि ती बातमी पार मालमड्डीपर्यंत गेली.

मला मात्र त्या वासानं घेरलं होतं. वनस्पतीचा खरा, पण ओळखीचा! शुक्रवारी आम्ही बायकांनी डोकी धुतली त्या दिवशी तर तळघर घमघमत होतं. शिकेकाई!

खात्री करावी म्हणून मी न्हाणीच्या मोरीत हळूच एक झेंडूचं फूल सोडलं, वरून दोन तांबे पाणी ओतलं आणि जिना उतरून खाली आले. तळघराच्या भिंतीकडेला फरश्यांनी झाकलेला जुना पाण्याचा पाट होता, मामंजींच्या वडिलांच्या वेळचा. घरात कुणाला त्याची आठवणही नव्हती. तो पाट खड्ड्याला मिळतो तिथं, फरशीखालून, माझं फूल डुलत डुलत बाहेर आलं.

म्हणजे न्हाणीचं पाणी पाटातून खड्ड्यात, खड्ड्यातून भोकावाटे परसातल्या केळींना. आणि भोकात माझा बोळा!

एवढ्यात रुद्रव्वांनी ते फूल पाहिलं. “वैनी! पळत या! गंगव्वा फुलं देते आहे!”

झालं! उरलासुरला संशयही गेला. मामंजी म्हणाले, “पुरावा भक्कम आहे,” आणि सोमवारी गंगापूजन ठरलं.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नका. पंपावर ह्यांना गाठलं. “ऐकता का? मला काही सांगायचं होतं.”

“थांब, थांब! एकशे एकोणनव्वद, एकशे नव्वद… नंतर सांग.”

नंतर ह्यांना पंपाला तेल द्यायचं होतं. मग मी बोळाच काढायला गेले, तर काठावर रुद्रव्वा माळ ओढत बसलेल्या, “सूनबाई, चप्पल काढून ये हं” म्हणत. आणि खरं सांगू? थोडा लोभही होता. ते लोणी, ते तेल, “आमची सून” म्हणताना ताठ होणारी सासूबाईंची मान. बोळा निघाला की त्याबरोबर तेही वाहून जाणार होतं.

सोमवारी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मामंजी सोवळं नेसून खड्ड्यापाशी बसले. सकाळीच त्यांनी अभ्यंगस्नान केलं होतं, चांगलं दोन हंडे कढत पाणी घेऊन. सासूबाईंनीही न्हाऊन ओल्या केसांना गाठ मारली होती. पाणी त्या दिवशी कधी नव्हे इतकं गरम होतं आणि कधी नव्हे इतकं सुगंधी.

“पहिलं तीर्थ यजमानांनी घ्यावं,” रुद्रव्वा म्हणाल्या.

इतके दिवस लोकांनी ते पाणी डोळ्यांना लावलं होतं, गुडघ्यांना लावलं होतं, पण तोंडात कुणी घेतलं नव्हतं. मामंजींनी पळी बुडवली. उजवा तळहात खोलगट केला. पाणी ओतलं. डोळे मिटले. हात ओठांकडं चालला.

सासूबाई माझ्याकडं बघून हसत होत्या. काय ते हसणं! आईनं बघावं तसं. मी ते एकदा डोळे भरून पाहून घेतलं, पदर सावरला आणि महिन्याभराचा साठलेला आवाज एकदम सोडला:

“मामंजी, पिऊ नका! ह्यातला कोमटपणा तुमच्या अंघोळीचा आहे, सुगंध सासूबाईंच्या शिकेकाईचा आहे, आणि खड्ड्याच्या भोकातला बोळा माझा आहे!”