पगारी हात

ओव्हरसियरसाहेब वारले तो मूल गावच्या बाजाराचा दिवस होता. निरोप दुपारी शाळेत आला. सिरोंच्याच्या दवाखान्यात, तापाने. मी पुढचा तास घेतला आणि घरी आलो.

"उतरा मास्तर, रामराम करू." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते आमचे शेजारी, रस्त्यांचे ओव्हरसियर, मूळचे सिंदेवाहीकडचे. रविवारी कामाच्या पाहणीला निघाले की मलाही जीपमध्ये घालत. पुस्तकात डोकं घालून बसलेला माणूस त्यांना बघवत नसे. कुठे वेशीवर वाहिलेले मातीचे घोडे दिसले, तळ्याच्या पाळीवर झिजलेली मूर्ती दिसली, की जीप थांबे. आधी रामराम, मग जो म्हातारा भेटेल त्याच्याशी गप्पा.

आपल्या जंगलातल्या वाटांवर दगडांच्या राशी असतात, तुम्हीही पाहिल्या असतील. वाघाने माणूस नेला त्या जागी येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो. ते प्रत्येक राशीपाशी उतरत. एकदा मी रस्त्याकडेच्या ढिगातली गिट्टी उचलली, तर केवढ्यांदा ओरडले. "ठेवा ते मास्तर! सरकारी हाय. मेलेल्या माणसाले चोरीचा दगड देता काय?" स्वतः ते नदीतले गोटे जीपमध्ये बाळगत.

मूलच्या पुढे अशाच एका राशीवरून नव्या रस्त्याची आखणी गेली. ठेकेदार खूश झाला. "साहेब, गिट्टी फुकटात भेटली. फोडाले घेतो."

ते जीपकडे वळले. मला घेऊन जवळच्या गावात गेले. ती रास जिच्या नवऱ्याची, ती बाई अंगणात मोहफुलं वाळवत होती.

"बाई, रस्ता येऊन राह्यला. रास हलवा लागते."

"मंग हलवा."

"कशी हलवू, तेच इचाराले आलो."

तिचा हात फुलांवर फिरतच राहिला. "त्याचं काईच नाई गवसलं, भाऊ. धोतराची चिंधी बी नाई. तेवढे गोटेच हायेत मले. वाटेनं जाणाऱ्यानं ठेवले, वाटेनं जाणाऱ्यानंच उचलावे. पैसे घेऊन कोणी हात लावाचा नाई."

ठेकेदाराकडून त्यांनी वाटेवर वर्दळ असते तो बाजाराचा एक दिवस मागून घेतला. "अन् नाई झालं तं?" त्याने विचारलं.

"तं फोडा."

त्या दिवशी उजाडताच ते राशीपाशी जाऊन उभे राहिले. शाळेला सुट्टी होती, मीही गेलो. "मामा, एक गोटा पल्याड न्या नं," बाजाराला निघालेल्या एका म्हाताऱ्याला ते म्हणाले.

"काऊन? सरकारले मजूर भेटत नाई काय?"

"भेटतेत. याले पैशाचा हात चालत नाई."

मामाने डोक्यावरची टोपली उतरवली आणि एक दगड पलीकडे नेऊन ठेवला. असं एकेक करत लोक गेले. दुपारी वाट ओस पडली, आणि रास जेमतेम गुडघाभर खचली होती. ते उन्हातच उभे होते. मी म्हटलं, "तुम्हीही एक घ्या ना."

"मी पगारी माणूस, मास्तर. मले मनाई हाय."

दिवस कलला तशी बाजारातून परतणारी माणसं दिसू लागली. गोष्ट बाजारात पसरली असावी. ज्यांची ही वाटच नव्हती तेही आले होते. कडेवर मूल घेतलेल्या बायाही एकेक दगड नेत होत्या. शेवटी एक चपटा दगड राहिला. तो त्या बाईने स्वतः उचलला. "हा माहा हाय. पयला," ती म्हणाली.

त्यांनी टोपी काढली. दिवसभरात त्यांनी एकाही दगडाला हात लावला नाही. पुढे त्यांची सिरोंच्याला बदली झाली.

निरोप आल्यानंतरच्या रविवारी मी पायी तिच्याकडे गेलो. ते गेल्याचं सांगितलं. तापाने गेले, वाघाने नव्हे, तेव्हा त्यांच्यासाठी दगड ठेवण्याची रीत नसेल, असंही म्हणालो.

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठली.

"उभाच होता नं दिवसभर. एक गोटा उचलता नाई आला त्याले. आता तं पगार नाई नं? चला, त्याचा तुमी ठेवा."

हलवलेल्या राशीवर मी एक गोटा ठेवला. तिनेही ठेवला.

आता तीही नाही. रास रस्त्याच्या कडेला आहे, लोक अजून दगड ठेवतात. कोणाची म्हणून विचारलं, तर दोन नावं सांगतात.