कुंडातली पहिली आंघोळ

कांद्यासाठी घेतलेल्या बोअरला कोमट पाणी लागलं, तेव्हाच मी धसकले होते. थंडीत विहिरीचं पाणीही कोमट लागतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण हे पाणी उन्हाळ्यातही तसंच राहिलं आणि यांच्या डोक्यात कुंड शिरलं.

आमचं रान ओतूर आणि येडगावच्या मधोमध. "भीमाशंकर करून माळशेजनं मुंबईला जाणारी माणसं हितनंच जात्यात. पायऱ्यांनी गुडघं धरलेलं असत्यात," हे सांगायचे. "गरम पाण्यात बसतील, तेल चोळून घेतील, भाकरी खातील. आरोग्य पर्यटन म्हणत्यात त्याला."

पाणी गरम म्हणावं इतकं गरम नव्हतंच. त्याला वर चढवायला सोलर बसवावे लागले. मी हसले, तर हे दोन दिवस फुगून बसले. पण हसण्याखाली मला खरी भीती वाटायची. दुखणी घेऊन येणारी माणसं आपल्या दारात गरम पाण्यात बसणार. एखाद्याला चक्कर आली तर? एखाद्याचं हृदय कमजोर असलं तर? मी विचारलं की उत्तर ठरलेलं. "तुझं आपलं कायतरीच."

मी जन्माची घाबरट आहे, हे मान्य. गॅस बंद केला का हे बघायला मी एसटी स्टँडवरून परत आलेली बाई आहे. पण म्हणून माझी प्रत्येक भीती खोटी कशी असेल?

कुंडाच्या उद्घाटनाला सत्यनारायण घातला. आमच्या घराची रीत अशी, की नव्या विहिरीचं, नव्या मोटारीचं पहिलं पाणी घरातल्या थोरल्यानं अंगावर घ्यायचं, आणि देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्यानं तोंडात काही घालायचं नाही. थोरले म्हणजे माझे सासरे, दादा. दादांना साखर आहे. सकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर त्यांनी नेहमीसारखी गोळी घेतलेली मी पाहिली होती.

"दादा, गोळी घेतली ना, मग दोन घास खा."

"पूजा झाली की खातो. तवर काय मरत न्हाई मी."

गुरुजी दुसऱ्या पूजेत अडकले. पाहुणे येऊन बसले होते, त्यात मुंबईपुण्याचेही होते. त्यांना ताटकळत कसं ठेवायचं, म्हणून यांनी ठरवलं, आधी आंघोळ, मग पूजा. मी यांना बाजूला ओढून सांगितलं, "दादा सकाळपासून उपाशी आहेत." हे म्हणाले, "पाचच मिनिटं. फोटो झालं की काढतो बाहेर."

दादा फेटा काढून पाण्यात उतरले. टाळ्या वाजल्या, मोबाईल वर झाले. कुणी म्हणे इकडं बघा, कुणी म्हणे हात जोडा. दादा सगळ्यांचं ऐकत होते. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. गरम पाण्यात येणारच, असं मी स्वतःला समजावलं. मग त्यांचे ओठ हलले.

"गुरं सोडली का रं?"

लोक हसले. काय गोड म्हातारा, असं एक बाई म्हणालीसुद्धा. आमच्या गोठ्यात कित्येक वर्षांत गुरं नाहीत. आता तिथं सोलरची खोकी आहेत.

स्वयंपाकघर लांब, रानाच्या त्या टोकाला. जवळ होता फक्त पूजेचा मांडव, आणि मांडवात झाकून ठेवलेलं शिऱ्याचं पातेलं. मी झाकण काढलं, मूठभर शिरा उचलला आणि जरीच्या साडीसकट कुंडात उतरले.

मागून सासूबाई ओरडल्या, "अगं, देवाला दावला न्हाई अजून! उष्टा करशील!"

"देव थांबंल, आई. दादा न्हाई थांबायचे!"

सासूबाईंवर मी आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवला. दादांची मान एका बाजूला कलत होती. मी त्यांचा गाल थोपटत होते, "गिळा दादा, गिळा," म्हणत कणाकणानं शिरा भरवत होते, आणि मनात त्याच देवाची माफी मागत होते. हे कपड्यांनिशी मागून उतरले आणि त्यांनी दादांना खांद्याला धरून वर घेतलं. मोबाईल एकेक करून खाली गेले.

बऱ्याच वेळानं दादांनी डोळे नीट उघडले. माझ्याकडं बघून म्हणाले, "साडी का भिजवलीस गं?" मग मला रडू आवरेना. ओतूरहून डॉक्टर आले, तपासून म्हणाले, साखर एकदम उतरली होती, आता धोका टळलाय. हे भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवशी मला कुणी घाबरट म्हणालं नाही.

गुरुजी आले तेव्हा सासूबाई मुकाट्यानं नवा शिरा ढवळत होत्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या अबोल्याची मला पुढं कितीतरी दिवस धास्ती होती.

कुंड चालू आहे. सोमवारी भीमाशंकरचे उपासकरी येतात. काही खाल्लंय का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणून मी विचारतच नाही. हातावर खजूर ठेवते, आणि तो गिळेपर्यंत दारातून हलत नाही. हे वैतागतात, पण मला हटकत नाहीत.

परवा घरात पुन्हा पूजा होती. दादा सकाळची गोळी घेऊन ओसरीवर बसले होते. मी नैवेद्याचं ताट वाढत होते. सासूबाई आल्या, ताटावर तुळशीचं पान ठेवायला हात पुढं केला आणि थांबल्या. शेजारची वाटी घेतली, तिच्यात डाळभात कालवला आणि माझ्या हातात दिली.

"आधी त्यास्नी दे," म्हणाल्या, आणि मग तुळशीचं पान ठेवलं.