समुद्रावरची एकतीस गिधाडं

स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारीफाच्या टेकडीवर सातुर्निनो उभा राहिला, की वाटावं, आता तिसरी घंटा होणार! चाळीस वर्षं ट्यूनाच्या जाळ्यांवर राबलेला माणूस. गेली एकवीस वर्षं, फेब्रुवारी सरता सरता, आफ्रिकेतून परतणाऱ्या घारी, ससाणे, गिधाडं मोजतोय. मुठीत मोजणीचं यंत्र. पक्ष्यानं किनारा ओलांडला, की मगच कळ दाबायची. त्या यंत्राला पुढं जाता येतं, मागं येता येत नाही. सातुर्निनोच्या आकड्यावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं; तेवढीच त्याची मिरास.

"आली बघ तुझी भावंडं," एर्मीनिया म्हणाली. निवृत्त शिक्षिका, त्याच्या जोडीला मोजणारी. "दमलेली नि टकली."

"टोपीखाली काय आहे, तुला काय ठाऊक गं?"

एकतीस गिधाडं. किनारा हाकेच्या अंतरावर. आता कुठं जातात! सातुर्निनोनं एकतीसदा कळ दाबली आणि बटाट्याच्या ऑम्लेटचा डबा उघडला.

तेवढ्यात लेवान्ते सुटला. पूर्वेचा तो वारा थवा ढकलत, दाबत पाण्याशी घेऊन गेला. वरून सीगल तुटून पडले. एक गिधाड समुद्रात कोसळलं, होडीतून पोतं टाकावं तसं. मग दुसरं. मग किती तरी.

"चढा रे! वर चढा!" सातुर्निनो ओरडत होता. डबा कधी सांडला, त्याला कळलं नाही. पाण्यावर पसरलेले ते भलेमोठे पंख एकदा हलले, दोनदा हलले. भिजलेलं गिधाड पुन्हा उडत नाही. काही मात्र डोक्यावरून गेली, इतकी खालून की पिसांची फडफड ऐकू आली.

एर्मीनियानं सांडलेला डबा उचलला. "बुडाली तेवढी वजा कर."

"किती बुडाली?"

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"तू मोजलीस?"

"मी डोळे मिटले होते रे."

"मी उघडे ठेवले होते," तो म्हणाला, "पण मोजली नाहीत."

"एकतीस राहू दे. कोण विचारतंय?"

तक्त्यावर दोन ते तीनच्या रकान्यात त्यानं लिहिलं: 'गिधाडं – आकडा माहीत नाही. कळ आधीच दाबली. चूक माझी.' आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली.