मध्यंतराआधी गुन्हेगार सांगणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंच्या तावडीतून आजवर एकही खुनी सुटला नाही. अर्थात पडद्यावरचा. दर रविवारी यवतहून एसटी पकडून दौंडच्या थेटरात दुपारचा खेळ गाठायचा, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी मांडीवर घ्यायची आणि मध्यंतराच्या आत गुन्हेगार कोण ते मोठ्यानं जाहीर करायचं, हा त्यांचा नेम. पुढच्या रांगेतले लोक हात जोडायचे. डोअरकीपरनं तर एकदा त्यांना चहाला म्हणून बाहेर नेलं आणि खेळ संपेपर्यंत सोडलंच नाही. त्यांचा ठोकताळा साधा होता. "आजाऱ्याला जो मोसंबी घिऊन येतो ना पाव्हणं, त्याच्यावर नजर ठिवायची," असं ते मला शिकवायचे. दाणे एकट्यानं खायचे, टरफलं माझ्या पायाशी. चार दाणे मागितले तर म्हणायचे, शेंगा ज्याच्या त्यानं फोडून खाव्यात.

वाईट एवढंच, की ही नजर ते थेटरात ठेवून घरी येत नसत. आल्या आल्या तपास सुरू. मोरीत तीन कप कशाला? कडी कुणी काढली? उंबऱ्यावरची पावलं कुणाची? माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, आधी हसायची. आम्हीही त्यांचे तपास जेवताना रंगवून सांगायचो, याची मला आज लाज वाटते. पुढं तिनं हसणं सोडलं, मग बोलणं. आणि दिवाळीच्या आधी एकदा त्या तिसऱ्या कपावरून साडूंचा हात उठला. सात वर्षांची चिंगी आणि चार वर्षांचा बाळू आप्पांच्या भीतीनं कॉटखाली जाऊन बसले, ते दिवेलागणीपर्यंत बाहेर येईनात. दुसऱ्या दिवशी साडू गुऱ्हाळावर कामाला गेल्यावर मेव्हणी पोरांना घेऊन निघाली. तिघांना मीच गाडीत बसवून दिलं, मांडवगण फराट्याला, माझ्या बहिणीकडं. कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं मला शपथ घातली.

साडूंनी सासुरवाडी पालथी घातली, वरवंडपर्यंतची सोयरीक धुंडाळली, स्टँडवर लागणारी प्रत्येक एसटी खिडकीखिडकीतून पाहिली. गावात हसं नको म्हणून पोलिसांत गेले नाहीत. मी रोज त्यांच्याकडं जायचो, धीर द्यायचो. तापानं त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मोसंबी घेऊन गेलो. खरंच घेऊन गेलो, आणि मला काही आठवलंसुद्धा नाही.

ताप उतरल्यावर तेच म्हणाले, दौंडला जाऊ. पिक्चर नेमका नवरा-बायकोच्या भांडणाचा. दोन पोरं नाहीशी होतात आणि सगळ्यांचा संशय बापावर जातो. पिशवी मांडीवर होती, पण शेंग काही फुटली नाही. मध्यंतराचे दिवे लागले तरी साडू गप्प. पुढच्या रांगेतल्या एका ओळखीच्यानं वळून विचारलं, आज कोण? त्यांनी नुसती मान हलवली. मग माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "बापाच्या उशाशी बसून जो धीर देतोय, त्याला पोरं ठाव हायेत."

त्यांनी ती पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"थंडी पडलीया. पोरांची स्वेटरं घरीच ऱ्हायली. कुठं हायेत ते मी इचारत न्हाई. कळलं तर मी जाईन, आन् जाऊन काय करीन, त्याचा माझा मलाच भरवसा न्हाई."

आणि ते उठून गेले. उरलेला पिक्चर मी बसून पाहिला, पण पोरं कुणी नेली होती ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवीतली ती दोन स्वेटरं घेऊन मी मांडवगणला गेलो. मेव्हणी परत आली नाही, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. साडू पुन्हा थेटराची पायरी चढले नाहीत. पण त्या दिवशी चिंगीनं स्वेटर अंगात चढवलं, खिशात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. दोन्ही स्वेटरांचे खिसे भुईमुगाच्या दाण्यांनी भरलेले होते. टरफल एकही नव्हतं.

कुणी फोडले, म्हणून बाळूनं विचारलं. मी मेव्हणीकडं बघितलं. तिनं चिंगीच्या मुठीतले चार दाणे बाळूच्या हातावर ठेवले.

"तुझ्या आप्पांनी," ती म्हणाली. "खा."