न पाहिलेल्या आजीचा हात

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत बाबांची आई गेली. बाबा तेव्हा अगदी लहान होते. तिचा एकही फोटो नाही, आणि ती कशी होती हे सांगणारं आता कोणी उरलं नाही.

माझी लेक इंदूरला ताऱ्यांचा अभ्यास करते. दिवाळीत ती लोधीपुऱ्याच्या घरी आली, तेव्हा बाबा निंबोल्याच्या शेतातला कापूस घेऊन वाती वळत बसले होते. ती त्यांना सांगत होती, की विश्वातले पहिले तारे कोणी पाहिलेले नाहीत. ते भडाभडा जळाले आणि फुटून गेले. पण त्यांच्या पोटात तयार झालेला कार्बन, लोखंड पुढच्या ताऱ्यांत मिसळलं. त्यातले काही म्हातारे तारे आपल्या आकाशगंगेत अजून आहेत. त्यांच्या उजेडावरून त्यांच्यात कशाचं प्रमाण किती ते तपासलं, की आधीचा तारा कसा होता याचा अंदाज येतो.

मी स्वयंपाकघरातून नेहमीसारखी ओरडले, "बाबा, देवाच्या वाती आहेत, उजव्या हाताने वळा."

बाबा सगळं उजव्या हाताने करतात. वाती तेवढ्या डाव्या हाताने वळतात.

"वाती वळायला कोणी शिकवलं तुम्हाला?" लेकीने विचारलं.

"आईनं. मांडीवर बसवून."

"मग ती डावखुरी असणार, आजोबा."

बाबांनी कापूस खाली ठेवला. दुसऱ्या कुणाचा धरावा तसा आपला डावा हात त्यांनी उजव्या हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.